तुरेरावांची हजेरी

पोपटाला बोलायला शिकवण्याची विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. शुकबहात्तरीतला पोपट तर रोज रात्री नवी गोष्ट सांगून घरच्या मालकिणीला उंबऱ्याबाहेर पडू देत नाही. पण एवढ्या साऱ्या रात्री त्या पोपटाच्या पिंजऱ्याखालची जागा कोण पुशीत होते, याविषयी ग्रंथात अवाक्षर नाही. ग्रंथकार पुरुष असल्यामुळे असे झाले असावे, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे.

आमच्या घरी पक्षी आला तो कन्येच्या हट्टामुळे. परभणीकरांना पोपटाचे अप्रूप नाही. ज्वारी हुरड्यात आली की थवेच्या थवे शेतात उतरतात. आमच्या अण्णांचे बालपण माळ्यावर उभे राहून गोफणीने त्यांना हाकलण्यात गेलेले. "ज्यांना जन्मभर हाकललं, त्यांना आता पाटावर बसवता?" ते म्हणाले. पण तो हिरवा राघू आणण्याचा प्रश्नच नव्हता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्या रानातला पोपट घरात कोंडणे हा गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. तेव्हा आला तो मूळचा ऑस्ट्रेलियाचा कॉकटील. अंग राखी, डोके पिवळे, गालांवर नारिंगी टिकल्या आणि डोक्यावर ताठ तुरा. कन्येने नाव ठेवले 'तुरेराव'. आळीत मात्र 'त्यांच्याकडे कॉकटेल आलं आहे' अशी वार्ता पसरली आणि दोन सद्गृहस्थ संध्याकाळी मुद्दाम चौकशीला येऊन गेले.

चार दिवसांत तुरेराव पिंजऱ्याबाहेर आले आणि त्यांनी बैठकीसाठी अण्णांचा डावा खांदा पसंत केला. पाचव्या दिवशी अण्णांचा सदरा, सतरंजी आणि कन्येची भूगोलाची वही या तिन्ही ठिकाणी त्यांच्या मुद्रा उमटल्या. सौ.ने निर्वाणीचा खलिता काढला. "आठ दिवसांत हे थांबलं नाही, तर पक्षी परत जाईल." तिचे म्हणणे नुसत्या सोवळ्याओवळ्याचे नव्हते. वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासावाटे गेली तर माणसालाही पोपटज्वर होऊ शकतो. १९२९–३० साली अमेरिकेत आणि युरोपात त्याची साथ येऊन गेली होती. घरात म्हातारे माणूस असताना हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नव्हे.

मी तिचे मन वळवण्यासाठी इतिहासाचा आधार घेतला. समुद्रपक्ष्यांच्या याच विष्ठेच्या खतासाठी अमेरिकेने १८५६ साली बेटे ताब्यात घेण्याचा खास कायदा केला होता, हे सांगून पाहिले. "मग अमेरिकेलाच पाठवा," असे उत्तर आले.

अखेर आमचे एक पशुवैद्य स्नेही धावून आले. त्यांनी समजावले ते असे. पक्ष्याला मूत्राशय नसते. उडायचे तर ओझे कशाला बाळगा, असा निसर्गाचा हिशेब. पातळ-घट्ट सारे एकाच वाटेने बाहेर पडते, आणि त्यात जे पांढरे दिसते तो मूत्राचाच भाग. तुरेरावांएवढ्या पक्ष्याला दिवसा दर १५–२० मिनिटांनी मोकळे व्हावेच लागते. रात्रभर मात्र तो बराच धीर धरतो आणि सकाळी उठल्याबरोबर सारी थकबाकी एकदम चुकती करतो. "तेव्हा त्याला दम धरायला शिकवू नका," ते म्हणाले. "हुकूम होईपर्यंत कोंडून धरायची सवय लागली तर पक्षी आजारी पडतो. त्याची वेळ तुम्ही शिका. त्याला फक्त जागा दाखवा."

कन्येने एक वही घातली. उठण्याची वेळ, दाणे खाण्याची वेळ आणि त्यानंतरची वेळ, अशा तीन रकान्यांची. तीन दिवसांत चिन्हेही कळली. तुरेराव एक पाऊल मागे सरतात, किंचित बसके होतात, शेपटी उचलतात, की समजावे. त्या क्षणी त्यांना अलगद बोटावर घेऊन दांडीवर बसवायचे. दांडीखाली रद्दीचा कागद. अग्रलेखाचे पान वापरायला अण्णांची सक्त मनाई होती. बाजारभावाला हरकत नव्हती. कार्य उरकले की एक ठराविक शब्द उच्चारायचा आणि राळ्याचे चार दाणे द्यायचे. शब्द कोणता, यावर घरात खल झाला. तीस वर्षे मास्तरकी केलेल्या अण्णांनी निर्णय दिला, "हजेरी!"

चुकले तर मात्र रागवायचे नाही. पक्ष्याला आपल्या रागाचे कारण कळत नाही. माणूस ओरडतो एवढेच कळते, आणि तो बिथरतो. मुकाट्याने पुसायचे आणि पुढच्या वेळेकडे लक्ष ठेवायचे. कन्येने हे सारे नियम मोठ्या अक्षरांत लिहून माजघराच्या भिंतीवर चिकटवले. 'उठल्याबरोबर. खाल्ल्यावर. कोंडून धरायला लावायचे नाही. रागवायचे नाही. लाजवायचे नाही.' शेवटचा नियम तिने स्वतःच्या मनाने घातला होता.

इथे घरातली एक गोष्ट सांगणे भाग आहे. गेल्या पौषात अण्णांचे प्रोस्टेटचे ऑपरेशन झाले. ते नीट पार पडले. पण अशा ऑपरेशननंतर काही काळ लघवीवर पुरता ताबा राहत नाही, असे पुष्कळांचे होते, अण्णांचेही झाले. त्यांनी गांधी पार्काकडची संध्याकाळची बैठक सोडली. 'गुडघे दुखतात' असे सांगून लग्नामुंजी टाळल्या. भरपूर पाणी प्या, असे डॉक्टरांनी बजावले असताना परभणीच्या वैशाखात ते घोटघोट मोजून पिऊ लागले. सारे घर जाणत होते आणि सारे घर गप्प होते. ज्या माणसापुढे वर्ग चिडीचूप बसत असे, त्याच्याशी हा विषय काढायचा कोणी आणि कोणत्या शब्दांत?

तो कागद भिंतीवर लागला त्या दिवशी अण्णा त्याच्यापुढे बराच वेळ उभे होते. शुद्धलेखन तपासत असतील, असे आम्हांला वाटले.

रात्री निजताना ते म्हणाले, "सूनबाई, बोळातला दिवा रात्रभर जळू दे. आणि उशाशी तांब्या भरून ठेव." सौ.ने 'बरं' म्हटले. दुसऱ्या दिवशी तिने न्हाणीघराजवळ एक खुर्ची नेऊन ठेवली आणि त्यांच्या पलंगाला जाड चादरींची एक जास्त जोडी दिली. कोणी काही विचारले नाही, कोणी काही सांगितले नाही.

आठ दिवसांची मुदत संपली तेव्हा तुरेरावांचा निकाल दहापैकी सात असा होता. उरलेल्या तीनसाठी अण्णांच्या खांद्यावर जुन्या धोतराची घडी आली. सौ.ने खलिता मागे घेतला.

ज्येष्ठात गंगाखेडला जवळच्या नात्यातले लग्न निघाले. अण्णा येणार नाहीत, हे सर्वांनी गृहीत धरले होते. सकाळी पाहतो तो ते कोट घालून तयार! "वाटेत पोखर्णीला थांबायचं," एवढीच त्यांची अट होती. पोखर्णीला नृसिंहाचे देवस्थान आहे, दर्शन घ्यायचे असेल, म्हणून मी मान डोलावली.

गाडी थांबली. अण्णा काठी टेकत उतरले, नातीकडे वळून पाहिले आणि खणखणीत मास्तरी आवाजात म्हणाले, "बाळ, देवाला मग जाऊ. आधी हजेरी लावून येतो."