बाळोत्यांचा वास आणि विहिरीचे पाणी

कापूस, पाणी आणि क्षार या तिघांच्या परस्परसंबंधावर माझा सारा चरितार्थ चालला. मुंबईच्या एका कापड गिरणीत, ब्लीचिंग खात्याच्या प्रयोगशाळेत रसायनज्ञ म्हणून उमेदीची वर्षे घालवल्यावर मी देवगड तालुक्यातील कुणकेश्वर या माझ्या मूळ गावी येऊन राहिलो. शंकराच्या देवळाच्या पायथ्याशी समुद्र आणि पाठीशी जांभ्या दगडाचा सडा असलेल्या या गावात माझ्या विद्येचा उपयोग करून घेण्याची पाळी जर कोणावर येत असेल, तर ती बहुतेक बाळंतिणींच्या आयांवर आणि सासवांवर येते. धाग्याचा पीळ, रंगाचा पक्केपणा असल्या विषयांत त्यांना स्वारस्य नसते, आणि नसावे हेच योग्य. त्यांची फिर्याद एकच असते. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वाडीतील एक आजी पदराखालून एक घडी केलेले बाळोते काढून माझ्यापुढे धरीत म्हणाल्या, "काकानू, नुसतो साबू ओततंय, पण वास काय जाणा नाय."

बाळोते शुभ्र होते, वाळलेले होते, आणि नाकाशी नेले तर त्याला साबणातील सुगंधाखेरीज कसलाही वास नव्हता. मी त्यावर तांब्यातले कोमट पाणी शिंपडले, आणि क्षणार्धात तोच उग्र दर्प दरवळला, जो कल्हईवाला तापल्या भांड्यात नवसागर टाकतो तेव्हा अंगणभर पसरतो. साबण ओतण्यात आजींची कसूर मुळीच नव्हती. कसूर असलीच तर ती नेमकी साबण ओतण्याचीच होती, हे त्यांना पटवायला मला बरीच खटपट करावी लागली, आणि पुढील मजकूर म्हणजे त्या खटपटीचाच विस्तार होय.

मूत्रात पाणी वगळता सर्वांत अधिक प्रमाण ज्या द्रव्याचे असते त्या यूरियाला स्वतःचा वास नसतो. निरोगी अर्भकाचे ताजे मूत्र जवळजवळ निर्गंधच असते, ही गोष्ट कोणत्याही मातेस ठाऊक आहे. त्वचेवरील आणि विशेषतः विष्ठेतील सूक्ष्म जंतू आपल्याजवळच्या यूरिएज नामक विकराच्या साहाय्याने त्या यूरियाचे विघटन करतात, त्यातून अमोनिया वायू मुक्त होतो, आणि नाकाला झोंबतो तो हा. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ जे. व्ही. कुक यांनी १९२१ साली असे दाखवून दिले की बाळाच्या मांड्यांवर उठणाऱ्या एका प्रकारच्या पुरळास कारण असणारा अमोनिया मुळी शरीरात उत्पन्न होत नाही. तो उत्पन्न होतो बाळोत्यात, ओल्या कापडावर ठाण मांडून बसलेल्या जंतूंमुळे. पुढे पाच वर्षांनी, १९२६ मध्ये, जेम्स समनर यांनी यूरिएज हा विकर स्फटिकरूपात वेगळा केला आणि विकर हे प्रथिन असल्याचे सिद्ध केले. त्याबद्दल १९४६ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. समनर यांनी हा विकर ज्या दाण्यांतून काढला ते आपल्याकडच्या अबईच्या अगदी सख्ख्या भाईबंदाचे होते. कुंपणावर अबईचा वेल आणि दारात बाळोती, असे दृश्य आमच्या गावी विरळा नाही, म्हणून एवढा उल्लेख.

तेव्हा प्रश्नाची मांडणी अशी होते: जे कापड दररोज धुतले जाते, त्यात हे जंतू आणि त्यांचे खाद्य उरतातच कसे? येथे गिरणीतला अनुभव कामी येतो. मागावरून उतरलेले कोरे कापड पाण्यावर टाकले तर ते तरंगते. कापसाच्या धाग्यावर मुळातच मेणाचा सूक्ष्म लेप असतो आणि विणण्यापूर्वी सुतास चढवलेली खळ त्यावर आणखी बसलेली असते. असे कापड आम्ही कियर नावाच्या प्रचंड लोखंडी पिंपात दाहक सोड्याच्या द्रावणात कित्येक तास शिजवीत असू, आणि ते पुरते शिजले की नाही याची परीक्षा अगदी साधी असे. वाळलेल्या तुकड्यावर पाण्याचा एक थेंब सोडायचा. थेंब क्षणात जिरला तर कापड उत्तीर्ण, मण्यासारखा डौलात बसून राहिला तर पुन्हा पिंपात. आजींच्या बाळोत्यावर मी तोच थेंब सोडला आणि तो बसून राहिला. जुन्या लुगड्याचे, शेकडो धुण्यांनी मेण आणि खळ केव्हाच गमावलेले ते कापड, ज्याने थेंब गटकन प्यायला हवा होता, ते गिरणीतल्या कोऱ्या कापडासारखे वागत होते. त्यावर नवे मेण चढले होते, आणि ते मेण साबणाचे होते.

याचे मूळ पाण्यात आहे. सड्यावरच्या जांभ्यात खोदलेल्या विहिरीचे पाणी बहुधा हलके असते, त्यात साबण भराभर फेसाळतो. पुळणीलगतच्या विहिरीचे पाणी, विशेषतः चैत्र-वैशाखात तळ गाठला की, मचूळ होते. पुस्तकी परिभाषेत अशा पाण्यास दुष्फेन म्हणतात. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम आणि कॅल्शियम यांचे क्षार इतके असतात की विहिरीत शंभरात एक भाग जरी समुद्र मिसळला, तरी लिटरमागे साठ मिलिग्रॅमच्या वर कठीणता वाढते. वीस लिटरच्या बादलीचा हिशेब मांडला तर सात-आठ ग्रॅम साबण मळाला स्पर्श करण्यापूर्वीच खर्ची पडतो. आणि नुसता खर्ची पडून नाहीसा झाला असता तर तक्रार नव्हती. तो अविद्राव्य साका होऊन धाग्यावर बसतो. या चिकट साक्याखाली विष्ठेतील स्निग्धांश, यूरियाचे अवशेष आणि जंतू असे सारे सुरक्षित राहतात. वरून नवा साबण ओतला की साक्याचा आणखी एक थर. कापड वाळले की सर्व निमूट असते, कोमट ओल मिळाली की सर्व जागे होते.

आमच्याकडच्या कित्येक घरांनी या गोष्टीचा पडताळा नकळत घेतलेला आहे. पहिल्या बाळंतपणास माहेरी आलेली मुलगी चार महिन्यांनी लालबाग-परळच्या चाळीत परत जाई, तीच बाळोती, तोच साबण, मोरीतल्या दगडावर तसेच आपटणे, आणि तरी तिकडे वास नाही. सासूला वाटे, सुनेचे हात चलाख झाले. वस्तुतः ती करामत तानसाच्या तलावाची होती, ज्याचे हलके पाणी १८९२ पासून नळांतून मुंबईला मिळत आलेले आहे.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, वासाची फिर्याद आली म्हणजे साबणाची चौकशी मागाहून करावी आणि पाण्याची आधी. बाळोते पांढऱ्या साबणाने धुतले की निळ्या भुकटीने, याला दुय्यम महत्त्व आहे. ते किती पाण्यात आणि कोणत्या पाण्यात खळबळले, याला मुख्य. शेवटचे दोन हात तरी हलक्या पाण्याचे हवेत. सड्यावरून हंडाभर पाणी आणणे शक्य नसेल, तर पावसाळ्यात पागोळीखाली पिंप ठेवण्याची जी जुनी वहिवाट होती ती पुन्हा सुरू करावी; छपराचे पाणी, पहिल्या सरींनी कौले धुऊन निघाल्यावर, धुण्याच्या कामी गावातल्या कोणत्याही विहिरीच्या पाण्यास हार जात नाही.

साका एकदा बसला असेल तर मात्र नुसत्या खळबळण्याने भागत नाही. आजींना मी जी तजवीज सांगितली ती ब्लीचिंग खात्याचीच घरगुती आवृत्ती. कापडी बाळोती, केवळ सुती, मोठ्या टोपात घालून दहा लिटर पाण्यास दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा या मानाने अर्धा तास उकळावीत. हा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. भज्यांत घालतात तो खाण्याचा सोडा या कामी फारसा उपयोगी नाही. आजींच्या आजीने हेच काम चुलीतल्या राखेच्या निवळीने केले असते, आणि नारळाच्या सोडणाची राख त्यासाठी विशेष नावाजलेली होती, कारण तिच्यात पोटॅशचा अंश भरपूर. उकळताना पाण्यावर जी करडी साय येते ती पाहिल्यावर आजींचा माझ्या शास्त्रावर विश्वास बसला, "ह्यां सगळां आत होतां?" एवढेच त्या म्हणाल्या. ते पाणी ओतून देऊन दोनदा खळबळल्यावर, तिसऱ्या पाण्यात थोडे लिंबूसत्त्व घालावे. गिरणीतही विरंजनानंतर कापडास सौम्य आम्लाचे स्नान घालीत. त्याने धाग्यात अडकलेला चुना सुटतो आणि मागे राहिलेला सोडा मरतो. सोडा मरणे फार अगत्याचे आहे. कापड अल्कधर्मी राहिले तर मूत्रातील अमोनियम क्षारांतून अमोनिया अधिकच मोकळा होतो, वास दुप्पट आणि बाळाची कातडी लाल. लिंबाचा रसही चालेल. कोकमाचे आगळ मात्र या कामी आणू नये. एका घरात तो प्रयोग झाला आणि बाळोती कायमची गुलाबी झाली. आम्लाच्या पाण्यानंतर एकदा साध्या पाण्यातून काढून पुन्हा थेंबाची परीक्षा घ्यावी.

रोजच्या धुण्याचा तपशील याहून सोपा आहे. विष्ठा झटकून बाळोते ताबडतोब थंड पाण्यातून काढावे. प्रथमच गरम पाणी घातल्यास प्रथिने धाग्यात गोठून बसतात. भिजत घालण्याची बादली झाकून दोन-दोन दिवस ठेवणे हा तर जंतूंना वतन लिहून देण्याचा प्रकार आहे. मचूळ पाणीच वापरणे भाग असेल तर आधी त्यात सोडा विरघळवून काही वेळ थांबावे, मग साबण घालावा, म्हणजे क्षार सोड्यावर भागतात आणि साबण मळासाठी उरतो. कपडे मऊ करण्याचे सुगंधी द्रव हल्ली शहरातून येणारी प्रत्येक सून बरोबर आणते; त्यांचे काम धाग्यावर स्निग्ध लेप चढवणे हेच असल्यामुळे बाळोत्यांच्या बाबतीत ते शत्रुपक्षात मोडतात.

खिशाच्या नव्या लंगोट्यांचा न्याय थोडा निराळा. त्यांचे बाहेरचे आवरण पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेले, आतली घडी पुष्कळदा पॉलिएस्टरच्या सूक्ष्म तंतूंची. पॉलिएस्टरला पाण्यापेक्षा तेलाची ओढ अधिक, म्हणून स्निग्धांश आणि त्याबरोबर वास तो अधिक धरून ठेवतो. ही आवरणे उकळता येत नाहीत. आतली घडी काढून साठ अंशांच्या पाण्यात ऑक्सिजन सोडणाऱ्या विरंजक भुकटीत, म्हणजे सोडियम परकार्बोनेटमध्ये, तासभर ठेवावी. क्लोरीनचे विरंजक वापरण्याचा मोह होतो. मी ते गिरणीत टनावारी वापरलेले असल्यामुळे त्याचे गुण आणि अवगुण दोन्ही जाणतो, आणि सांगतो की मूत्राने भिजलेल्या कापडावर ते कदापि ओतू नये. अमोनियाशी त्याचा संयोग होऊन क्लोरामाइनचे विषारी वायू उठतात, तर लिंबूसत्त्व वा व्हिनेगर यांच्याशी गाठ पडल्यास साक्षात क्लोरीन. आमच्या बंद, खिडकीविना न्हाणीघरांत ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

आता पावसाळ्याकडे वळतो, कारण आमच्या गावी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि वलणीवरची बाळोती दिवसेंदिवस दमट राहतात. येथे एक दुसराच वास शिरतो, कुबट, ओल्या फडक्याचा. त्याचा अमोनियाशी संबंध नाही. जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये त्याचे उगमस्थान मोराक्सेला ओस्लोएन्सिस या जंतूत असल्याचे दाखवले, आणि त्यांच्या निरीक्षणानुसार हा जंतू शुष्कता आणि अतिनील किरण दोन्ही बऱ्यापैकी सोसतो. म्हणजे अर्धवट वाळवणे हे न वाळवण्याहून फारसे बरे नाही. शेगडीवर टोपली उपडी घालून तिच्यावर बाळोती पसरण्याची जुनी रीत मला म्हणूनच शास्त्रशुद्ध वाटते. इस्त्री असेल तर तिचा कडक हात आणखी उत्तम. ओवा-बाळंतशेपांची धुरी मात्र बाळोत्यांना देऊ नये असे माझे मत आहे. धुराने वास झाकतो, जात नाही, आणि धुराचा अंश बाळाच्या श्वासात जातो. या मतामुळे गावातल्या दोन-तीन वडीलधाऱ्या बायका माझ्यावर नाराज आहेत, त्याला इलाज नाही.

एक अपवाद नोंदवतो. रात्रभर न बदललेल्या बाळोत्यास सकाळी अमोनियाचा दर्प यायचाच; आठ-नऊ तास उबेत राहिलेल्या मूत्राचा तो स्वाभाविक परिणाम आहे, आणि असे बाळोते धुऊन, वाळवून, पुन्हा ओले करून पाहिल्यावर निर्गंध असेल तर धुण्यात काही बिघाड नाही. उलट नुकत्याच बदललेल्या, चांगल्या कापडावरही ताज्या मूत्राला दुर्गंधी येत असेल, ती दोन दिवस टिकून राहील, आणि जोडीला ताप वा दूध न पिणे असेल, तर कापड निर्दोष समजून बाळाला देवगडला डॉक्टरांकडे न्यावे.

राहता राहिला पाण्याचा बंदोबस्त. पहिल्या खळबळीचे थंड पाणी, विष्ठा आधी वेगळी काढलेली असेल तर, माडाच्या आळ्यात खुशाल ओतावे. त्यातला नत्र माडाला मानवतो, आणि विहिरीपासून आळे दूर असले की झाले. उकळलेल्या सोड्याचे पाणी मात्र आळ्यात नको. आजींनी ते एकदा केळीच्या बुंध्याशी ओतले, तेव्हापासून त्या केळीचा विषय निघाला की त्या माझ्याकडे पाहून गप्प राहतात.