लाइट रेल म्हणजे विजेची गाडी नव्हे

सुरुवात गणपतीत झाली. आमचं गाव वेल्ह्याकडचं. आरती आटोपून सगळे ओटीवर प्रसाद खात बसले होते आणि मी मोठ्या उत्साहानं सांगत होते, की आता वनाझला मेट्रोत बसायचं, जिल्हा न्यायालयाला गाडी बदलायची की थेट स्वारगेट. रस्त्यावर पाय ठेवायला नको. गावी राहणाऱ्या तात्यांनी हातातला मोदक ताटलीत ठेवला. "आमच्याच पैशानं बांधली ना ती? पानशेतचं पाणी तुम्हाला, पैसाही तुम्हाला, आन् आम्हाला दिवसाच्या दोन गाड्या." पुण्यात नोकरी करणारा माझा भाचा म्हणाला, "तात्या, उलटं आहे. कर शहर भरतं, खर्च गावावर होतो." मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी शाळेत चित्रकला शिकवते. पाढे मला बारापर्यंतच येतात. तरी माझ्या तोंडून गेलं, "थांबा, मी नीट बघून सांगते."

पुण्याला परतल्यावर वाचायला बसले. पहिल्याच दिवशी 'लाइट रेल' हा शब्द भेटला. जगातल्या कितीतरी शहरांत म्हणे ही असते. मला वाटलं, लाइट रेल म्हणजे विजेवर चालणारी रेल्वे. आपल्याकडे लाइट जाते, लाइट येते, लाइटबिल येतं. त्यात शंका घेण्यासारखं काय आहे? मधल्या सुट्टीत मी स्टाफरूमला हे ज्ञान वाटलं. विज्ञानाच्या बाई डबा मिटत म्हणाल्या, "मॅडम, सगळ्याच मेट्रो विजेवर चालतात. लाइट म्हणजे हलकी." हलकी म्हणजे डबे लहान, प्रवासी कमी, खर्चही कमी, काही ठिकाणी तर ती ट्रामसारखी रस्त्यावरूनच धावते. आपल्या केंद्र सरकारनं 2019 मध्ये लहान शहरांसाठी असली 'मेट्रोलाइट' सुचवली आणि पुढच्या वर्षी 'मेट्रोनिओ'. ही दुसरी म्हणजे डोक्यावरच्या तारेतून वीज घेणारी, रबरी टायरांची लांबलचक बसच. नाशिकच्या अशा गाडीसाठी 2021-22 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 2,092 कोटी रुपये जाहीरही झाले होते. गाडी मात्र अजून धावलेली नाही. आणि पुण्याची? ती या दोन्हींपैकी कुठलीच नाही, चांगली भारदस्त मेट्रो आहे. म्हणजे आठवडाभर मी भलत्याच गाडीचा अभ्यास करत होते.

मग राज्याचा अर्थसंकल्प उघडला. मेट्रो आणि एसटी, दोन्ही वाहनं. तेव्हा एकाच खात्यात सापडतील असा माझा भाबडा हिशेब. मेट्रो निघाली नगरविकास विभागात. एसटी काही केल्या सापडेना. ग्रामविकासात पाहिलं, सार्वजनिक बांधकामात पाहिलं. शेवटी सापडली ती गृह विभागात, पोलीस आणि तुरुंगांच्या शेजारी! परिवहन हे आपल्याकडे गृह विभागाचं अंग आहे, हे पन्नाशी ओलांडेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. आकडे बघून तर जीवच हलका झाला. एवढ्या मोठ्या राज्याचे खर्च पाच-पाच लाखांचे! मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, सरकार किती काटकसर करतंय बघा." ते चष्मा लावून आले आणि पानाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे बारीक अक्षरात छापलं होतं, 'रुपये हजारात'. म्हणजे 5,00,000 असं दिसलं की ते पन्नास कोटी वाचायचं.

आता मेट्रोचे पैसे. पुण्याच्या पहिल्या टप्प्याला केंद्राची मंजुरी मिळाली डिसेंबर 2016 मध्ये. खर्च 11,420 कोटी, लांबी साधारण 33 किलोमीटर. भागाकार नवऱ्याकडून करून घेतला: एका किलोमीटरला साडेतीनशे कोटींच्या आसपास. बांधणारी महामेट्रो ही केंद्र आणि राज्य यांची निम्म्या-निम्म्या भागीची कंपनी. ढोबळ मानानं निम्मी रक्कम कर्जाची, त्यात युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँक आणि फ्रान्सची सरकारी विकास बँक. केंद्र आणि राज्याचा प्रत्येकी पाचवा हिस्सा, उरलेला मेट्रोच्या वाटेवरच्या दोन महापालिकांचा. यातला काही पैसा 'समभाग' म्हणून येतो, काही 'दुय्यम कर्ज' म्हणून. या दुय्यम कर्जाला मी माझ्या वहीत 'पोटकर्ज' असं नाव दिलं होतं. नवऱ्यानं समजावलं, "सोपं आहे. घर बांधताना बँकेचं कर्ज काढलं आणि माझ्या भावाकडून उसने घेतले. आधी कुणाचे फेडले?" बँकेचे. "मग भावाचे ते दुय्यम कर्ज." दिरांचे अजून थोडे राहिलेत, हे मात्र वहीत लिहिलं नाही.

तात्यांचा 'आमचा पैसा' यात कुठे असेल ते शोधताना आमच्याच फ्लॅटची कागदपत्रं बाहेर काढली. 2023 मध्ये घेतलेला फ्लॅट. मुद्रांक शुल्काच्या तपशिलात एक टक्का 'मेट्रो अधिभार' दिसला. पुणे, मुंबई, ठाणे, नागपूर इथे घर घेणाऱ्यांकडून हा घेतात. करोनाच्या काळात दोन वर्षं थांबवला होता, एप्रिल 2022 पासून पुन्हा सुरू झाला. गावाकडे जमीन घेतली तर तिथे मुद्रांकावर जिल्हा परिषदेचा अधिभार लागतो. म्हणजे इथे एक मडकं, तिथे एक मडकं. भाच्याचा मुद्दा थोडा खरा निघाला. आणि ज्या मेट्रोला मी 'सरकारनं बांधली, सरकारनं बांधली' म्हणत होते, तिच्या एखाद्या खांबातली थोडी वाळू माझ्या पैशांची होती. सही माझीच होती, वाचलं नव्हतं.

भाचा जिंकला असं ठरवून मी आत्याला घेऊन गावाला निघाले. स्वारगेटला एसटीत बसलो. वाहकानं माझं अर्धं तिकीट फाडलं. मार्च 2023 पासून बायकांना निम्मं भाडं. आत्या अठ्ठ्याहत्तरची, तिच्या तिकिटावर शून्य. पंचाहत्तरीपुढच्यांना 2022 पासून प्रवास मोफत. मी आत्याला म्हटलं, "तुमची चैन आहे, फुकट!" शेजारच्या सीटवरचे गृहस्थ निवृत्त वाहक निघाले. ते म्हणाले, "फुकट कसलं ताई? या सवलतीचे पैसे सरकार महामंडळाला देतं. आणि सरकार आमच्याकडून घेतंही. एसटीच्या भाड्यावर साडेसतरा टक्के प्रवासी कर असतो, माहितेय?" मला अर्थातच माहीत नव्हतं. 1958 च्या कायद्याचा हा कर मोटारगाडीतल्या प्रवाशांवरचा. मेट्रो त्या व्याख्येत बसतच नाही. म्हणजे वेल्ह्याहून पुण्याच्या बाजारात भाजी घेऊन येणारी बाई तिकीट काढताना सरकारच्या तिजोरीत कर टाकते. कसबा पेठेहून मंडईला मेट्रोनं जाणारी मी तो टाकत नाही. तात्यांचाही मुद्दा थोडा खरा निघाला. आता मी कुणाला काय सांगणार?

त्या रात्री वही उलटसुलट चाळताना एक गोष्ट नजरेत आली, आणि ती आकड्यांत नव्हती. मेट्रोच्या पानांवरचे शब्द होते भांडवल, गुंतवणूक, समभाग. एसटीच्या पानांवर तूट, अर्थसाहाय्य, सवलतीची भरपाई. एसटीलाही नव्या गाड्यांसाठी भांडवल मिळतं आणि मेट्रोचा रोजचा खर्च तिकिटातून निघाला नाही तर तो भार राज्यावरच येणार, हे खरं. तरी बोलताना मेट्रोला आपण प्रकल्प म्हणतो आणि एसटीला तोट्यातली. हे मात्र मला माझ्या धंद्यामुळे कळलं. मुलांना मी दरवर्षी एक प्रयोग करून दाखवते: एकाच करड्या रंगाचे दोन ठिपके, एक काळ्या कागदावर, एक पांढऱ्यावर. काळ्यावरचा उजळ दिसतो, पांढऱ्यावरचा मळका. मुलं शपथेवर सांगतात की रंग वेगळे आहेत. मीही इतके दिवस तसंच सांगत होते.

निकाल सांगायला पुढच्या रविवारी पुन्हा गावाला निघाले. जिल्हा न्यायालयाला सरकत्या जिन्यांनी खाली खाली उतरत गेले. भुयारी फलाट 33 मीटर खोल आहे. माझ्या डोळ्यांदेखत गाडीची दारं मिटली. काहीच बिघडलं नाही, पर्समधून पाण्याची बाटली काढेपर्यंत दुसरी आली. स्वारगेटला वर आले, एसटी स्टँडवर बाकावर बसले आणि तात्यांना काय सांगायचं ते वहीत घोकत राहिले. समभाग, दुय्यम कर्ज, अधिभार, प्रवासी कर. मान वर केली तेव्हा गावाची गाडी लागून सुटूनही गेली होती. चूक सर्वस्वी माझी. पुढची गाडी संध्याकाळी. तिथे साडेचार तास बसले, आणि तात्या कोट्यवधी रुपयांबद्दल नव्हे तर या साडेचार तासांबद्दल बोलत होते, हे तेव्हा उमगलं.

2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातली 45 टक्के माणसं शहरांत राहत होती. बाकीची गावात. दोघांचे पैसे एकाच तिजोरीत पडले की कुठला रुपया कुणाचा, हे माझ्यासारखीला तर सोडाच, कुणालाच हुडकून काढता येणार नाही. तात्यांना मी एवढंच सांगितलं: मेट्रो हवी, तिच्यावर खर्च झाला ते चुकीचं नाही, पण वेल्ह्याच्या तिसऱ्या गाडीलाही 'तोटा' न म्हणता 'गुंतवणूक' म्हणून मोजलं पाहिजे. ते म्हणाले, "एवढ्यासाठी दोन महिने घालवलेस?" घालवले खरे.

तुम्हालाही कधी असं भांडण सोडवायचं असेल, तर मार्चमध्ये अर्थसंकल्प आला की नगरविकास आणि गृह या दोन विभागांची पानं शेजारी शेजारी ठेवून वाचा. आकड्यांच्या आधी त्यांच्यापुढचे शब्द वाचा. आणि त्याही आधी कोपऱ्यातलं 'रुपये हजारात' वाचा.