रिपोर्ट खरा आहे, नितीन

प्रिय नितीन,

तुला विचारूनच हे पत्र छापायला देते आहे. नाव बदललंय, त्यामुळे एमआयडीसीतलं कुणी तुला ओळखायचं नाही. जाहीर लिहायचं कारण असं की ‘मला एचआयव्ही झाला असेल का’ हा प्रश्न एकट्या तुझा नाही. नर्स म्हणून नोकरी केली त्या सगळ्या काळात लोकांनी मला बाजूला घेऊन, इकडंतिकडं बघत तो विचारलेला आहे. कुणाला कटिंगच्या दुकानात वस्तरा लागलेला असायचा, कुणाला एसटीच्या सीटचा पत्रा. एकाच्या पायात मोसंबीच्या बागेत काटा मोडला होता आणि त्याच बागेत आधी एक ‘तसला’ मजूर काम करून गेला होता म्हणे! तुझ्या बाबतीत भंगार.

जालन्याच्या भट्ट्यांत कुठकुठचं भंगार येतं, वितळतं आणि त्याच्या सळया होतात. जुने पत्रे, डबे, स्प्रिंगा, एखाद्या दवाखान्यातल्या खाटेचे पायसुद्धा. ते निवडताना तुझं बोट कापलं. पत्र्यावर तांबूस डाग होता. तो गंज होता की रक्त, हे तेव्हा निरखायचं तुला सुचलं नाही, आणि आता निरखायला पत्राच नाही. तो भट्टीत गेला. चार महिने तुझी सगळी भीती त्या वितळलेल्या पत्र्यावर उभी आहे.

समज, ते रक्तच होतं. समज, एचआयव्ही असलेल्या माणसाचंच होतं. तरी तुला लागण झाली नसती. हा विषाणू शरीराबाहेर फार दुबळा. रक्त वाळत गेलं की त्याची लागण करायची ताकद झपाट्यानं जाते, आणि वाढायला तर त्याला माणसाच्या जिवंत पेशीच लागतात. तो पसरतो असुरक्षित संबंधातून, बाधित रक्त चढवल्यानं, दुसऱ्याची वापरलेली सुई-सिरिंज टोचून घेतल्यानं आणि आईकडून बाळाला. दवाखान्यातली गोष्ट घे. एचआयव्ही असलेल्या रुग्णाच्या शिरेतून नुकतीच काढलेली, ताज्या रक्तानं भरलेली पोकळ सुई नर्सच्या बोटात खोल घुसली आणि तिनं पुढं काहीच औषध घेतलं नाही, तरी अशा हजार घटनांत साधारण तिघींना लागण होते. त्या सुईपुढं तुझा वाळका पत्रा कुठं बसतो?

कटिंगच्या दुकानात नवं ब्लेड मागत जा, ते चांगलंच. पण त्याचं मोठं कारण कावीळ. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर सात दिवससुद्धा तग धरू शकतो. त्यावर लस आहे, ती तू घेतलेली नाहीस. आणि धनुर्वात! माती लागलेल्या भंगारानं हात कापला की खरी भीती त्याची असते. एवढ्या फोनांत धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल तू मला एकदाही विचारलं नाहीस, याचं मला नवल वाटतं. जो धोका खरा होता, त्याकडं तुझं लक्षच गेलं नाही.

मलाही सुई टोचलेली आहे. नोकरीच्या शेवटच्या काळात, एचआयव्ही असल्याचं माहीत असलेल्या रुग्णाचं रक्त घेताना. घाबरले, खोटं कशाला सांगू. पण काय करायचं ते ठरलेलं होतं. वाहत्या पाण्याखाली साबणानं बोट धुवायचं, चोळायचं-पिळायचं नाही, लगेच इन्चार्जला सांगायचं. औषधं जितक्या लवकर तितकी बरी, फार तर 72 तासांच्या आत सुरू करायची आणि 28 दिवस घ्यायची. त्यानं मळमळायचं, जेवण जायचं नाही. मग ठरल्या वेळी तपासण्या. शेवटचा रिपोर्ट निगेटिव्ह आला त्या दिवशी तो विषय माझ्यापुरता मिटला.

तुझा मिटत नाही. इथंच खरी मेख आहे, बाबा. खऱ्या धोक्याला काही करायचं असतं आणि त्याला शेवट असतो. तुझी तपासणी तीन महिने उलटल्यावर झाली, निगेटिव्ह आली, विषय संपायला हवा होता. पण दुसऱ्याच दिवशी तुला वाटलं, नळीवर नाव दुसऱ्याचं पडलं असेल तर? मग दुसरी लॅब. मग किटच जुनं असेल तर? मानेतल्या गाठी तू दिवसभर चाचपतोस, चाचपून त्या दुखायला लागतात, आणि दुखतात म्हणून परत भीती. गजकर्ण खाजवल्यासारखं आहे हे. खाजवलं की घटकाभर बरं वाटतं आणि चट्टा वाढतो. मीही फोनवर ‘काही नाही रे’ म्हणत त्याला हातभारच लावला. रात्री फोन ठेवून तू झोपायचास, सकाळी तोच प्रश्न नव्यानं.

त्याची किंमत घर मोजतंय. तू ताट वेगळं केलंस, टॉवेल वेगळा केलास, लेकीला कडेवर घेत नाहीस. तुला एचआयव्ही नाही. पण असता तरी यातलं काहीच करायची गरज नव्हती, हे लक्षात घे. 2009 साली लातूर जिल्ह्यातल्या हासेगावात ‘सेवालय’ या संस्थेतली एचआयव्ही असलेली लेकरं शाळेत यायला लागली, तर अशाच भीतीनं गावातल्या पालकांनी आपली मुलं घरी बसवली. ते पालक काही दुष्ट नव्हते. ते तुझ्यासारखेच ‘पण समजा’ म्हणणारे असणार: समजा खेळताना खरचटलं, समजा रक्त लागलं. आज औषधं नियमित घेणाऱ्या माणसाच्या रक्तात विषाणू तपासणीत सापडेनासा झाला, की त्याच्याकडून जोडीदारालाही लागण होत नाही. आणि तू मात्र निगेटिव्ह रिपोर्ट खिशात ठेवून लेकीपासून लांब बसतोस.

एक जरा अवघड बोलते. पुष्कळदा अशा भीतीच्या आड भलतीच काही गोष्ट असते. कधी तरी घडलेलं, मनाला टोचत राहिलेलं. काट्याचं, पत्र्याचं नाव पुढं करणं सोपं जातं. तुझं तसं असेल-नसेल, मला सांगायची गरज नाही. सिव्हिलमधल्या एचआयव्ही तपासणी केंद्रात समुपदेशक असतात, तिथं बोललेलं बाहेर जात नाही. 1097 या हेल्पलाइनवर तर नावही सांगावं लागत नाही.

पण मला वाटतं तुला आता एचआयव्हीवाल्यांपेक्षा मनाच्या डॉक्टरांची गरज आहे. तोंड वाकडं करू नकोस. आजाराच्या या चिंतेवर उपचार आहेत. शंका आली तरी तपासायचं नाही, विचारायचं नाही, ती तशीच राहू द्यायची, हे टप्प्याटप्प्यानं शिकवतात. सुरुवातीला फार जड जातं. गरज पडली तर गोळ्याही देतात; त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत सोडून देऊ नकोस. मध्यरात्री फारच कोंडल्यासारखं झालं तर 14416 लाव, टेलिमानसचा नंबर आहे, मराठीत बोलतात.

मला मात्र त्या प्रश्नासाठी फोन करायचा नाही. लेकीच्या शाळेचं सांग, पगाराचं सांग, साहेबाला शिव्या घाल, सगळं ऐकीन. ‘मावशी, पण समजा…’ सुरू झालं की मी फोन ठेवणार. राग मानू नकोस.

सोमवारी मी जालन्याला येते. सिव्हिलला सोबत जाऊ, केसपेपरची रांग सकाळी मोठी असते, तेव्हा रविवारची रात्रपाळी बदलून घे. तुझ्या बायकोलाही येऊ दे, तिला एकटीला घरी ठेवून आपण काय खुसपुसतो ते तिला कळत नाही असं समजू नकोस. रिपोर्टांची फाइल घरीच ठेव.

तुझी,
मावशी