शिसवीची कंबर

तवा तापला की नाही हे बघायला आई त्यावर पाण्याचा शिंतोडा मारायची. थेंब चुरचुरून आटला तर थांबायचं, गोळी होऊन नाचला तर भाकरी टाकायची. गिटारच्या कडा वाकवायची लोखंडी नळी मी आजही तशीच पारखतो.

पहिली नळी भंगारातली, दोन इंची, पातळ पत्र्याची. शिकंज्यात आडवी धरली आणि एका तोंडातून ब्लो-टॉर्चची ज्योत आत सोडली. ज्योतीपाशी ती रसरसायची, वीतभर पुढे कोमट. दोन मिलिमीटर जाडीची शिसवीची पट्टी ओली करून तिच्यावर दाबली. पोटाचा गोल छान वळला. कंबर आली तशी बाहेरच्या अंगाने एक रेघ उमटली आणि पट्टी कट्कन मोडली. जोडीची दुसरीही तशीच गेली. दोन्ही एकाच फळीतून चिरलेल्या, रेषेला रेषा जुळणाऱ्या. तशी जोडी पुन्हा मिळत नाही. त्या रात्री तुकडे हातात घेऊन बराच वेळ बसलो होतो. लाकडाचा दोष नव्हता, नळीचा होता.

लाकडाच्या पेशींना धरून ठेवणारं लिग्निन ओलाव्यात आणि उष्णतेत मऊ पडतं, निवलं की नव्या आकारात घट्ट बसतं. म्हणजे आच सगळीकडे सारखी लागायला हवी. दुसरी नळी चार मिलिमीटर जाडीची घेतली. ती तापायला वेळ लावते, पण तापल्यावर लवकर निवत नाही. लोहाराकडून ती ठोकून अंड्याच्या आकाराची करून घेतली: निमुळती बाजू कमरेसाठी, रुंद बाजू पोटासाठी. ताण पडतो तो पट्टीच्या बाहेरच्या अंगाला, तिथे रेषे उचलू बघतात. म्हणून तिकडून पत्र्याची पातळ पट्टी धरायला लागलो. आता दाब देत राहिलं की तळव्याखाली एका क्षणी लाकूड ढिलं पडतं. तो क्षण डोळ्यांना दिसत नाही, हातालाच कळतो.

पडद्यांच्या खाचांनी एवढं छळलं नाही. 650 मिलिमीटरच्या तारेला 17.817 ने भागलं की पहिला पडदा 36.48 वर येतो. प्रत्येक माप मेरूपासूनच, म्हणजे तारेच्या वरच्या टोकाच्या पट्टीपासूनच घ्यायचं, आधीच्या पडद्यापासून नाही, नाहीतर चूक साठत जाते. करवतीच्या दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या स्क्रूने आवळल्या आणि खाचेची खोली कायमची बांधली गेली.

खरा जीव आहे तबलीत. मिरजेचे सतार करणारे वरच्या पातळ लाकडाला तबली म्हणतात; गिटारसाठीही मला तोच शब्द जवळचा वाटतो. स्पेनच्या आंतोनियो दे तोरेसने 1862 साली मागची बाजू आणि कडा कागदाच्या लगद्याच्या करून एक गिटार घडवली होती, आवाज तबलीतून येतो हे दाखवायला. माझ्या तबलीच्या अडीच मिलिमीटर जाडीच्या स्प्रूस लाकडाला आतून बारीक आधारपट्ट्या चिकटवायच्या असतात. त्यासाठी प्लायवूडचे दोन फळे चार गजांवर दोन फूट अंतराने बसवले आणि त्यांच्यामध्ये बुरूड आळीतल्या बांबूच्या कामट्या वाकवून अडकवल्या. कामटी सरळ व्हायला बघते आणि पट्टीला खाली दाबून धरते.

पण एक कामटी जाड, एक पातळ. जाड कामटीखाली सरस सगळा पिळून निघायचा, पातळ कामटीखाली सांध्यात फट राहायची. तबलीवर बोटाने टिचकी मारली की तिथला आवाज बद्द यायचा. मग स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला. प्रत्येक कामटी त्यावर उभी करून ठरलेल्या उंचीपर्यंत दाबायची, काटा बघायचा, काचेच्या तुकड्याने खरवडायची, परत दाबायची. चाळीस कामट्या तीन किलोवर आणायला दोन रविवार गेले. टोकांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले, स्प्रूसवर वळ उठू नयेत म्हणून.

बांबूही थकतो. फार वेळ वाकून राहिला की थोडा वाकडाच होतो. गेल्या आठवड्यात पुन्हा काट्यावर धरल्या तेव्हा सात कामट्या अडीच किलोच्या खाली आल्या होत्या. परवा बुरूड आळीत जाऊन आलो. नव्या कामट्या दाराआड उभ्या वाळताहेत.