कमला खान कुणाची?

'मिस मार्व्हल' हे नाव जुनंच. १९७७ साली मार्व्हल कंपनीने या नावाचं कॉमिक काढलं तेव्हा त्यातली नायिका होती कॅरल डॅनव्हर्स, हवाई दलातली, उंच, सोनेरी केसांची. दोनेक वर्षांत ते बंद पडलं. २००६ मध्ये पुन्हा सुरू झालं, पन्नास अंक चाललं आणि २०१० मध्ये थांबलं. २०१२ मध्ये कॅरलला बढती मिळून ती 'कॅप्टन मार्व्हल' झाली आणि जुनं नाव रिकामं पडलं. या धंद्यात रिकामं नाव फार दिवस कुणी पडू देत नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये जाहीर झालं की नवी मिस मार्व्हल येतेय, ती जर्सी सिटीत राहणारी सोळा वर्षांची मुलगी आहे, तिचे आईवडील पाकिस्तानातून आलेले आहेत आणि तिचं नाव कमला खान.

पहिला अंक फेब्रुवारी २०१४ मध्ये आला. प्रतिक्रिया त्याआधीच तयार होत्या.

एका प्रसिद्ध टीव्ही निवेदकाने लगेच नवऱ्याच्या 'इतर बायकां'वरून विनोद केला, मग लोक बोलल्यावर तो काढूनही टाकला. जुन्या चाहत्यांपैकी काहींचं म्हणणं होतं की हे सगळं राजकीय शहाणपण मिरवण्यासाठी चाललंय. कॅरलचे खास चाहते, जे स्वतःला 'कॅरल कोअर' म्हणवून घेतात, ते मात्र या मुलीच्या बाजूने उभे राहिले. कारण साधं होतं, कमला स्वतःच कॅरलची वेडी चाहती आहे. भिंतीवर तिची चित्रं लावते, रात्र रात्र जागून इंटरनेटवर सुपरहिरोंच्या गोष्टी लिहिते. चाहत्यांना आपल्यातलीच एक सापडली होती.

आणि आपले लोक? संपादक सना अमानत, जी स्वतः न्यू जर्सीत वाढलेली पाकिस्तानी वंशाची मुसलमान, तिने आधीच सांगून ठेवलं होतं की विरोध फक्त मुसलमानांचा द्वेष करणाऱ्यांकडून येणार नाही, मुसलमानांकडूनही येईल. तो आला. हिच्या डोक्यावर ओढणी का नाही? ही घरून चोरून पार्टीला कशी जाते? लेखिका जी. विलो विल्सन गोरी अमेरिकन, मोठेपणी इस्लाम स्वीकारलेली, तिला आपल्या घरातलं काय कळणार? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी पुस्तक वाचून देऊ शकते: बरंच कळलंय.

पहिल्या पानावर कमला दुकानात डुकराच्या मांसाच्या सँडविचचा नुसता वास घेतेय. खायचं नाही हे ठरलेलं, पण वास घ्यायला कुठे बंदी आहे? हे पान वाचून मी एकटीच मोठ्याने हसले. आपल्यापैकी किती जणांनी कॉलेजच्या कँटीनमध्ये असंच केलंय, सांगा. तिचा भाऊ आमिर घरभर दीनची चर्चा करतो आणि नोकरी शोधत नाही. अब्बू टोमणे मारतात. मैत्रीण नाकिया हिजाब घालते, तो तिने स्वतः ठरवून घेतलाय, घरच्यांना उलट फार उत्साह नाही. मशिदीत मुली पडद्यामागे बसून बयान ऐकतात आणि कमला तिथूनच प्रश्न विचारते की हा पडदा कशाला. मग दोघी मागच्या मागे सटकतात. तिचा पोशाख बुर्किनी कापून केलेला. हे सगळं कुणाला काही पटवून देण्यासाठी लिहिलेलं वाटत नाही, म्हणून मला ते आवडलं.

सर्वात जास्त आवडलं ते शेख अब्दुल्लाचं प्रकरण. मुलगी रात्री-अपरात्री बाहेर असते म्हणून आईवडील तिला मशिदीत शेखसाहेबांकडे पाठवतात. वाचणाऱ्याला वाटतं, आता झाडणार. तो म्हातारा सांगतो, करायचंच असेल तर धैर्याने, प्रामाणिकपणे कर आणि एखादा चांगला शिक्षक शोध. बस. कुठल्याही सिनेमात मौलाना आला की वाईट काहीतरी होणार हे आपल्याला पाठ झालेलं असतं. इथे माणूस माणसासारखा बोलतो.

आक्षेपांमधला एकच मला वजनदार वाटला, आणि त्याचं उत्तर कॉमिकमध्येच आहे. कमलाला पहिल्यांदा शक्ती मिळते तेव्हा ती बदलून थेट कॅरल होते. गोरी, सोनेरी केसांची. म्हणजे ताकद हवी असेल तर गोरं व्हायचं का, असं अनेकींनी रागाने विचारलं. पण पुढे वाचलं तर दिसतं की ते रूप तिला बोचतं, पोशाख तोकडा, केस डोळ्यांत. थोड्याच अंकांत ती आपल्याच चेहऱ्याने लढायला लागते. दुसऱ्याचं रूप मागून बघितल्याशिवाय ते आपलं नाही हे कळत नाही, निदान सोळाव्या वर्षी तरी नाही. (तिच्या नावाचीही गंमत आहे. अरबीत 'कमाल'वरून आलेलं, म्हणजे परिपूर्ण. आमच्या गल्लीत कमला म्हणजे कुणाची तरी आजी.)

२०१५ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोत बसवर इस्लामची नाझींशी सांगड घालणाऱ्या जाहिराती लागल्या होत्या. कुणीतरी त्यांवर कमला खानची चित्रं चिकटवली. त्याच वर्षी पहिल्या संग्रहाला ह्यूगो पुरस्कार मिळाला. पुरस्कारापेक्षा त्या बसगाड्यांची बातमी मला मोठी वाटते. चाहत्यांची प्रतिक्रिया म्हणजे तारे मोजणं एवढंच नसतं.

खऱ्या चाहत्यांचा राग मात्र वेगळ्याच गोष्टींवर होता आणि तो रास्त होता. एकोणीस अंक झाले आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये पुन्हा 'अंक पहिला'! २०१९ मध्ये विल्सन गेली, सलादिन अहमद आला, पुन्हा 'अंक पहिला'. पहिला आकडा दिसला की दुकानदार जास्त प्रती मागवतात, संग्राहक चार मुखपृष्ठं विकत घेतात, आणि नवा वाचक गोंधळतो की सुरुवात नक्की कुठून करायची. २०१७ मध्ये कंपनीच्या विक्री-अधिकाऱ्याने विक्री घसरल्याचं खापर अशा नव्या, वेगवेगळ्या समाजांतल्या पात्रांवर फोडलं. तेव्हा वाचकांनी त्याला हेच ऐकवलं: दर वर्षी दुकान बंद करून नव्या पाटीने उघडता, मग गिऱ्हाईक टिकेल कसं? २०२३ मध्ये तर तिला मारलंच, तेही स्पायडरमॅनच्या अंकात, दुसऱ्याच्या घरी. दोन महिन्यांत जिवंत केली, म्युटंट करून. मेल्याचं दुःख नव्हतं, कॉमिकमध्ये कोण कायमचं मरतं? स्वतःच्या मासिकात मरायचा मानही दिला नाही, याचं होतं.

आता आमच्या घरात काय झालं ते सांगते. २०२२ मध्ये मालिका आली आणि माझ्या बहिणीच्या मुलीला कमलाचं वेड लागलं. मालिकेत शक्ती बदलली म्हणून कॉमिकवाले चिडले होते. आमच्या मुलीला त्याचं काही नव्हतं. मी तिला संग्रह आणून दिले. तिने वहीवर, दप्तरावर ती विजेची खूण काढली. शाळेत एकाने विचारलं, "ही पाकिस्तानीच ना? तरीच तुला आवडते."

ती घरी येऊन काही बोलली नाही. दप्तरावरची खूण पेनने गिरवून गिरवून काळी केली होती, ते बहिणीला दिसलं. रात्री मला फोनवर म्हणाली, "खाला, अमेरिकेतली मुलगी आहे ती. मग मी वाचायची नाही का?"

जर्सी सिटीतल्या वाचकाला हा प्रश्न कधी पडणार नाही. त्याच्यासाठी कमला म्हणजे मुसलमान मुलगी, एवढंच. इथे मिरज-सांगलीकडच्या मुसलमानाला टाळी वाजवायच्या आधी आजूबाजूला बघावं लागतं. क्रिकेटमध्ये शिकलेली सवय आहे ती. मलाही २०१३ मध्ये बातमी वाचून पहिल्यांदा वाटलं होतं, अरे, पाकिस्तानीच कशाला? हैदराबादची करायची होती, मालेगावची करायची होती. पण मग ती सनाची गोष्ट राहिली नसती, आणि कुणाच्या तरी घरातून आल्याशिवाय गोष्टीला असा वास येत नाही.

मी तिला २०१६ चा एक अंक काढून दाखवला. त्यात १९४७ साल आहे. कमलाचे पणजोबा-पणजी, करीम आणि आयशा, फाळणीत आपलं घर सोडून कराचीला निघतात. आणि ते घर कुठलं? मुंबई. तिने ते पान दोनदा वाचलं. मग म्हणाली, "म्हणजे ती आधी आपल्याकडचीच?"

"हो, तिचे गेले. आपले राहिले."

"आपले का नाही गेले?"

हे मला अब्बांना विचारावं लागलं. अब्बा दाढी कुरवाळत बसले होते. त्यांनी त्यांच्या आजोबांना हेच विचारलं होतं म्हणे, आणि आजोबांनी एका वाक्यात संपवलं होतं: "भुईमूग काढने को आया था, जाता कौन?"