मानाची खुर्ची

हॉकी म्हटली की आम्हां ग्वाल्हेरकरांना रूपसिंग आठवतात. पायांत पात्यांचे बूट चढवून बर्फावर खेळावयाच्या हॉकीशी आमचा संबंध तो काय! तरीही कॅनडाचा गॉर्डी हाऊ आमच्या मनात घर करून राहिला आहे.

१९४६ ते १९७१ अशी पंचवीस वर्षे तो डेट्रॉइटच्या संघात राइट विंगवरून चढाई करीत होता. साखळी सामन्यांतील गोल ७८६! १९५० मध्ये डोक्यास झालेल्या दुखापतीतून तो मरणाच्या दारातून परतला. पण अखेर त्याला थांबविले ते दुखऱ्या मनगटाने. मग क्लबाच्या कचेरीत मानाची खुर्ची मिळाली. काम मात्र फारसे नव्हते. अशी खुर्ची किती टोचते, हे निवृत्तीनंतर आम्हांस उमगले.

१९७३ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, मनगटावर शस्त्रक्रिया करवून तो ह्यूस्टनच्या संघातून पुन्हा खेळू लागला, आणि तेही मार्क व मार्टी या आपल्या दोन मुलांच्या बरोबरीने! त्या हंगामात गोल व साहाय्य मिळून त्याने शंभर गुण मिळविले. खेळ सोडला तो १९८० मध्ये, बावन्नाव्या वर्षी.

आम्हीही हल्ली चिरंजिवांच्या दुकानी बसून जमाखर्चाच्या वह्या तपासतो. त्यांना ते रुचते की नाही, हे विचारण्याचा धीर मात्र अद्याप झालेला नाही.