काटा हालत नव्हता

कारखान्याच्या तपासणी विभागात उभा जन्म गेल्यामुळे यंत्राविषयी आम्हांला कोणी काही शिकवावे, हे सहसा रुचत नाही. थेरगावातील आमच्या घरात हा दोष सर्वांना ठाऊक आहे.

गेल्या उन्हाळ्यात वडिलांना आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी न्यावे लागे. एका दुपारी डांगे चौकाच्या गर्दीत आमच्या जुन्या मोटारीतून वाफ निघू लागली. नवल असे की, तापमानाचा काटा मात्र तळाशी निवांत होता. वडिलांना रिक्षाने पुढे धाडले. जाताना ते एवढेच म्हणाले, "माझ्यापायी गाडीही दमली रे."

मेकॅनिकने हेड गॅस्केट गेल्याचे सांगितले. इंजिन खोलायचे, आठ दिवस लागणार. आम्ही मान डोलावली. डिप्लोमा करणारी आमची धाकटी म्हणाली, "पप्पा, इंजिन उकळतंय आणि काटा थंड दाखवतोय. आधी सेन्सर बघू या ना." आम्ही तिला चारचौघांत गप्प केले.

सायंकाळी तिने मुकाट्याने सेन्सरची वायर काढली व चावी फिरविली. पंखा घोंघावू लागला! जोडणी तुटली की गाडीतील संगणक दोष ओळखतो आणि सावधगिरी म्हणून पंखा चालू ठेवतो. म्हणजे पंखा धडधाकट होता; त्याला खोटी बातमी मिळत होती.

हा सेन्सर म्हणजे तापताच विद्युत्‌रोध कमी होणारा तुकडा. हा गुण मायकेल फॅरडे यांनी १८३३ साली सिल्व्हर सल्फाइडमध्ये पाहिला होता. थंड देशांत इंजिन सुरू करण्यापूर्वी कूलंट तापविणारे हीटर असतात. त्यांतल्या काहींमध्येही असाच पहारेकरी बसविलेला असतो.

इंजिन पूर्ण निवाल्यावरच आम्ही रेडिएटरचे झाकण उघडले. दाबाखालचे गरम कूलंट हात भाजून काढते. सेन्सर काढून स्वयंपाकघरात नेला. (सौभाग्यवतींनी चहाचे पातेले देण्यास साफ नकार दिला.) साध्या पाण्यात मल्टीमीटर सुमारे २,००० ओहम दाखवी. उकळत्या पाण्यात तो आकडा २०० च्या आसपास यावयास हवा होता. तो जागचा हलेना. नवा सेन्सर त्याच पाण्यात झरझर उतरला.

नवे वॉशर घालून, पितळी आटे न चिरडता तो बसविला, कूलंट भरले, हवा काढली. तेलात पाणी उतरले नव्हते. गॅस्केट शाबूत होते.

पुढच्या फेरीला वडील पुढच्या आसनावर बसले आणि वाटभर काट्याकडे पाहत राहिले. काटा मध्यावर येऊन थांबला. "आता खरं सांगतोय," ते म्हणाले. मागे बसलेली धाकटी हसली. तिची क्षमा आम्ही अद्याप शब्दांनी मागितलेली नाही. आमचा मल्टीमीटर मात्र तेव्हापासून तिच्याच कपाटात आहे.